नाडीचा वळ

कॉलेजात शिकवलं होतं:
फोटोआधी अर्धा तास मॉडेलला सैल गाऊन द्यावा,
इलॅस्टिकचे, हुकांचे, नाडीचे वळ
कातडीवरून उतरू द्यावेत.
मग पाठ नितळ. सुरईसारखी.
सुरया मी पुष्कळ काढल्या.
दोन बक्षीसवाल्या अजून माळ्यावर आहेत.

फतेहगंजच्या खोलीवर, मे महिन्यात,
शालन आणि विठोजी मोहिते आले.
तो रावपुऱ्यात घड्याळं दुरुस्त करतो,
ती कचेरीतून थेट, हातात डबा.
म्हणाली, लगेच काढा, साडेसातला पाणी येतं.
वीस वर्षांत आम्ही उजेडात कधी…
एवढंच बोलून हसली
आणि पडद्यामागे गेली.

कमरेवर वळ होता, लालसर,
गाठीच्या जागी जरा खोल.
मी दिवा फिरवला, तो सावलीत जाईल असा.
विठोजी मागे बसला. हातांचं काय करायचं कळेना.
दोन पोझ सांगितल्या, दोन्ही लाकडी.
फिल्म बदलायला मी वाकले
तेवढ्यात त्याचा अंगठा,
भिंगाखाली केसाएवढी स्प्रिंग चाचपावी तसा,
त्या वळावरून निघाला.
"फार घट्ट बांधतेस."
तिने डोळे मिटले.
धरून ठेवलेलं पोट सोडलं.

मी दिवा परत फिरवला.

रात्री ट्रेमध्ये कागदावर
आधी वळच उमटला. मग अंगठा.
बाकीची बाई, बाकीचा पुरुष
त्याच्याभोवती सावकाश गोळा होत राहिले.
लाल उजेडात मी माझ्या कमरेवर हात नेला.
जीन्सचं बटण रुतलं होतं.