बदली करवत

जुनी गेली न्हाणीच्या चौकटीत.
फणसाच्या लाकडात खिळा निघाला,
मागच्या मालकानं कधी ठोकलेला देव जाणे.
आधी वास आला, जळक्या वार्निशाचा.
मग धुराची एक बारीक दोरी,
आणि पातं तिथंच राहिलं,
घशात घास राहावा तसं.

मोनाप्पानं मोटर उघडून दाखवली.
तार काळी, चुलीत पडल्यासारखी.
"भरून देतो वहिनी, अठराशे. खरं टिकंल म्हणून सांगत नाही."
असं सांगणारा मिस्त्री असला की
राग कुणावर काढायचा?

दोन महिने न्हाणीचं दार लागलं नाही.
पडदा लावला.
वहीच्या मागच्या पानावर मी
वर्षभराची कापाकापी लिहून काढली:
गोठ्यावर टेकलेली फांदी,
बोअरचा गंजका पाईप,
रुद्रव्वाचा पलंग, जो तिच्यामागं
दारातून सरळ काही जाईना
आणि तिची पोरं म्हणाली, काकू, तुम्हीच या.
एवढ्यासाठी सात हजार?
एवढ्यासाठीच.

रविवार पेठेत बसलिंग हुक्केरींनी
तीन खोकी फोडली,
तिन्ही ह्यांच्यापुढं मांडली.
"बाराशे वॅट, साहेब. लोखंड लोण्यागत."
ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोठ्यानं वाचलं:
स्ट्रोक अठ्ठावीस मिलिमीटर,
मिनिटाला अठ्ठावीसशे फेऱ्या.
ह्यांना वाचायला सुरेख येतं.
कापायला येत नाही.

मी पिशवी खाली ठेवली, पहिली उचलली.
चार किलो.
काउंटरवर चार.
शिडीच्या पाचव्या पायरीवर, हात डोक्याच्या वर,
तिचे सहा होतात,
आणि उजवा खांदा तर
मार्गशीर्षापासून माझं ऐकतच नाही.

दुसरी बॅटरीची. मन गेलं तिच्यावर.
आमच्याकडं वीज जाते तेव्हाच मला वेळ असतो.
खरं बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा,
आणि दोन वर्षांनी बॅटरी म्हातारी झाली
की नुसता सांगाडा फडताळात.
खाली ठेवली. पुन्हा उचलली. ठेवली.

तिसरीला हात लावला तशी
हुक्केरी पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले,
"हगुर ऐत्री, अक्का."
हलकी आहे.
मी म्हटलं, चालवून दाखवा. नाही, मला द्या.
धरली. थरथरली, कोंबडी काखेत धरल्यासारखी.
बटण सोडलं तशी गप्प झाली, लगेच.
मला एवढंच बघायचं होतं:
थांब म्हटल्यावर थांबते का.

"पातं बदलायची चावी?"
"चावी नाही. असं पिळायचं, निघालं."
ह्यांनी पाच मिनिटं पिळून बघितलं.

वॉरंटीच्या कागदावर त्यांनी नाव विचारलं.
हे तोंड उघडणार, तोवर मी सांगितलं.
गोल गोल कन्नडात माझं नाव उमटलं.
मला त्यातलं वाचता आलं ते
खालच्या फोन नंबरावरून.

खानापूरच्या बसमध्ये खोकं मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, मिक्सर काय?
होय म्हटलं.

घरी आल्यावर फांदी नाही, पाईप नाही.
आधी लोखंडाचं पातं चढवून
चौकटीत अडकलेला जुन्या पात्याचा तुकडा कापला.
ठिणग्या उडाल्या, चार-पाच.
खिळाही तुटला त्यातच.
दार लागलं.
हे आत जाऊन, कडी घालून,
उगाच थोडा वेळ बसले.

जुन्या करवतीची चावी, सहा कोनांची,
कमरेच्या जुडग्यात आहे अजून,
कपाटाच्या आणि कणगीच्या किल्ल्यांमध्ये.
तिनं आता काही निघत नाही.
चालताना वाजते तेवढी.