अंगठा

कळमन्याच्या यार्डात, पत्र्याच्या शेडखाली,
लाल ढिगांभोवती बाया बसलेल्या, नाकाला पदर.
मी भिंतीला फलक टांगला: हात धुण्याच्या सहा पायऱ्या.
खाली महापालिकेचा शिक्का, जरा वाकडा.

दोन शिंका झाल्या, मग कोणी विचारलं,
"सिस्टर, तो जंतू मारणारा साबण भेटन का वो?
जाहिरातीतला. पंचावन्न रुपयांचा."

मी म्हटलं, घरात साधी वडी पुरते.
तिला कुणाला मारायचं नसतं.
ती फक्त पकड सोडवते,
तेलाची, मळाची, त्यात दडून बसलेल्यांची.
वाहून न्यायचं काम पाण्याचं,
चोळायचं आपलं.

पंचफुला निखारे देठ खुडता खुडता हसली.
"हे तं मिरचीनं शिकवलं आमाले.
नुसत्या पाण्यानं हात धुतला आन् लेकराले घेतलं,
तं लेकरू रातभर कोकलते.
तुमचा जंतू मुका, म्हणून तुमाले फोटो लागते.
आमचा बोलते."

मग सरकून जागा केली. "बसा. खुडा पसाभर."

बसले.
भिवापुरी मिरची, देठ नखाशी कट्ट मोडायचा.
अर्ध्या पशातच बोटं ऊन झाली.

टाकीपाशी एकीनं वरून पाणी ओतलं.
(मगात हात बुडवायचा नाही,
हे माझ्या फलकावर नव्हतंच.)
मी तळवे घासले, मागची बाजू, बेचक्या, नखं,
मनात वीसपर्यंत मोजलं.
सात वर्षं शिकवते आहे,
तरी बारानंतर आकडे पळायला लागतात.

"आता डोळ्याले लावा."

साऱ्यांचे हात थांबले.
मी लावला.

हशा पत्र्यावर आदळून परत आला.
एकीनं माझं डोकं धरलं, दुसरी पाणी मारत राहिली,
आणि पंचफुलानं माझा उजवा अंगठा मुठीत घेतला,
गाईचं आचळ धरावं तसा,
मुळापासून पिळत फिरवला.
"हा राह्यला. हा नेहमीच राह्यते.
ठसा माराले पुढं, धुवाले मांगं."

ती आकडे मोजत नाही.
चोळता चोळता घरच्या वाटेवरची नावं घेते, दमानं,
प्रत्येक ठिकाणी कोणी उतरतंय असं थांबून:
भरतवाडा... पारडी... भांडेवाडी...
वाठोडा... खरबी...
दिघोरी आली की मग पाणी मागते.

फलक मी तिथंच विसरले.
बहुतेक आता त्यावर कोणी मिरच्या वाळवत असेल.

संध्याकाळी घरी, बेसिनपाशी,
लिंबाच्या वासाचा बाटलीतला महागडा साबण,
दोन दाब, चार सेकंद,
आणि हात टॉवेलकडे निघालेला.
परत वळवला.

भरतवाडा.
पारडी.
डोळा अजून चुरचुरत होता.
भांडेवाडीपाशी आठवला
डावा अंगठा.