चौथी चौकट

शेंगाचटणी बांधायला घेतलेला कागद होता तो.
बाळीवेशीत, तराजूशेजारी रद्दीचा गठ्ठा,
आणि दुकानदाराच्या तळव्याखाली अर्धा दुमडलेला
एक लांबनाक्या माणूस, हातात डबा,
पळतोय.

म्हटलं, थांबा ओ, हा नको, दुसरा घ्या.
"का बे? स्वच्छ हाय की."
स्वच्छ होता. म्हणूनच तर.
पावशेर चटणी मी हातरुमालात नेली त्या दिवशी
आणि सव्वा किलो रद्दी पिशवीत.

धोटेराव.
साप्ताहिकाचं नाव फाटून गेलेलं,
तारखेतला नुसता 'पौष' उरलेला,
शेजारी सायकलच्या दुकानाची जाहिरात:
गड्ड्यानिमित्त घंटी मोफत.
पहिल्या चौकटीत मिलचा भोंगा,
दुसरीत धोतर चेनमध्ये,
तिसरीत फाटकावरचा दरवान
मिशी सोडून सगळा घड्याळच झालेला,
आणि फुग्यात अक्षरं: 'आज माझी नशीब आली नाही.'
चौथी
कुणाच्या तरी चटणीबरोबर गेली.

कोपऱ्यात सही. म. गु.
मुंगीनं केल्यासारखी.

मी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, फ्लेक्स येईपर्यंत.
रेष कुणाच्या हाताची ते मला कळतं,
जसं सोनाराला खोट कळते.
हा हात ब्रशचा नव्हता.
भिंग लावलं तेव्हा दिसलं,
धोटेरावाचा गाल गोल नाहीच,
पायऱ्या आहेत बारीक,
एक घर उजवीकडे, एक घर खाली,
दोन घरं खाली, एक घर उजवीकडे.
मोजत मोजत हसवलंय ह्या माणसानं.

मग साखर पेठेत विचारलं, कन्ना चौकात विचारलं.
एका बंद प्रेसच्या मालकानं झोपेतून उठून सांगितलं,
ठसे जस्ताचे होते, जस्ताच्या भावानं गेले.
एका म्हाताऱ्या रंगाऱ्याला नाव आठवलं,
मल्लेशम. गुर्रम. ग्राफवाला.
मुलगी विडी घरकुलात असते.

सुगुणाबाईंच्या मांडीवर सूप, सुपात पानं,
कात्री बोलताना थांबत नव्हती.
"नायना? ते चादरीची नक्षी काढायचे.
दिवसा मालकाच्या ग्राफवर,
रात्री उरलेल्या ग्राफवर हे असलं.
पेपरवाला चित्राला चार रुपये द्यायचा,
चुकलेल्या मराठीचे कापून तीन."
मग स्वतःच हसल्या.
"घरात तेलगू. नशीब बाई का बाप्या,
कोण सांगणार त्यांना?
लोक चुकांसाठीच वाचायचे म्हणे."

एकही कात्रण नव्हतं त्यांच्याकडे.
चौथ्या चौकटीत काय होतं, विचारलं.
विडीला दोरा गुंडाळत म्हणाल्या,
"कुठल्या आठवड्याच्या?
त्याला दर आठवड्याला उशीरच व्हायचा."

निघता निघता हाक मारली.
पेटीतल्या गाद्यांखालून चादर काढली,
घड्या इतक्या जुन्या की उलगडताना
कापडाला आपलं आपण आठवावं लागलं.
काठावर मोर. लाल, एका रांगेत, सगळे एका तालमीतले.
त्यांनी बोट ठेवून मोजले, तेलगूत.
सतरा मोर.
अठरावा
चोचीऐवजी धोटा घेऊन,
पंजात डबा धरून,
रांगेच्या उलट्या दिशेनं पळतोय.

"कार्डं टोचून झाल्यावर मालकाच्या ध्यानात आलं.
तीन दिवसांचा पगार कापला.
पण पहिला माल गेला होता तोवर.
हुबळी, इंदूर, कुठं कुठं. किती, ते नायनालाच ठाऊक."

मी फोटो काढला नाही. का, ते अजून कळलेलं नाही.
रद्दीतली ती तीन चित्रं
मी चुरमुऱ्याच्या डब्यात ठेवलीत, डांबरगोळी टाकून.

आणि आता कुणाच्याही घरी गेलो की
चहा येईपर्यंत माझं लक्ष पलंगाकडे.
काठ जरा वर करतो, बोटानं चाचपतो.
परवा व्याह्यांनी विचारलंच, काय शोधताय ओ?
म्हटलं काही नाही,
एक जण कामावर यायचा राहिलाय.