तक्ता ४.२

एम.टेक.चं चौथं सत्र,
आणि माझ्या हातात ताणकाटा.
राळेगावहून सकाळची एसटी, मग दीड कोस पायी,
पाठीवर लॅपटॉप, पिशवीत ओलावा मोजायचं यंत्र.
ते दहातून दोनदा खोटं बोलतं,
हे मी परिशिष्टात कबूल केलंय.

विषय : कापसाच्या पऱ्हाटीपासून इंधनकांड्या.
उपटण्यापासून राखेपर्यंतचा हिशेब.
किती डिझेल, किती वीज, किती धूर,
आणि यंत्राची किंमत कधी फिटते.
(चार वर्षं दोन महिने. सबसिडी आली तर.)

पहिल्याच तासाला बोबडे सरांनी
फळ्यावर चौकोन काढला होता.
म्हणाले, ही हद्द.
आतलं मोजायचं, बाहेरचं सोडायचं.
हद्द आखता आली की अर्धी पदवी मिळाली.

मी आखली. पट्टीनं.
एका बाणानं पऱ्हाटी आत आली :
टाकाऊ, भार शून्य.
दुसऱ्या बाणानं कांड्या बाहेर पडल्या,
पोत्यांत भरून, मागे चिमूटभर राख.
इतकी स्वच्छ आकृती
मी आयुष्यात काढली नव्हती.

फेब्रुवारीत वावरं मोकळी होत होती.
चिमट्यात बुंधा धरून बाया मागं झुकायच्या,
मूळ कटकन सुटायचं,
मी लिहायची : चौदा किलो. सोळा. तेरा.
पंचफुलाबाई मात्र भारा उतरवेनात.
"मोजतं कायले बाप्पा? मान सांगते ना मले."
मी म्हटलं, मावशी, कचऱ्याचं वजन घेतेय.
"कोन्ता कचरा?"

भारा तसाच डोक्यावर,
मला घराला वळसा घालून नेलं.
कूड पऱ्हाटीचा, वरून शेणामातीचा हात.
वालाचा वेल चढलाय तोही तिच्यावरच.
मागं गंजी, माझ्याहून उंच,
तिच्या तळाशी कोंबडी अंड्यांवर बसलेली,
एका डोळ्यानं माझी तपासणी करत.
आत चुलीशी सून खोकत होती.
सिलिंडर कोपऱ्यात,
त्याच्यावर पिठाचा डबा.

"हे आखाडापावतर पुरते, मंग तुराटी.
तुये लोकं टनानं नेतीन,
त मी काय जाळू? तुही वही?"
आणि हसल्या, भाऱ्यासकट हलून.
सूनही हसली.
मीही हसले, जरा उशिरा.

रात्री वसतिगृहात फाइल उघडली.
तक्ता ४.२, पहिली ओळ, पाचवा रकाना.
तिथं ते शून्य होतं,
गंजीखालच्या अंड्यासारखं,
कुणीतरी ऊब देऊन जपलेलं.

ते खोडलं तर काय काय हलतं, मला माहीत होतं.
हद्द सरकली की चूल आत येते,
चुलीमागून सिलिंडर,
सिलिंडरमागून एजन्सीपर्यंतची ऑटो आणि तिचं भाडं,
चार वर्षं दोन महिन्यांची सात वर्षं होतात.
आणि सुनेचा खोकला?
तो कांड्यांच्या बाजूनं मांडायचा
की पंचफुलाबाईंच्या?

सर फोनवर म्हणाले, व्याप्ती वाढवू नकोस,
जुलैत सबमिशन आहे.
'मर्यादा' या प्रकरणात एक परिच्छेद टाक.
टाकला. पाच वाक्यं.
व्याकरण निर्दोष.
वाचून पाहिला तर त्यात
कुणीच राहत नव्हतं.

मार्चच्या पहिल्या सोमवारी पुन्हा तीच एसटी.
कंडक्टर म्हणाला, मॅडम, अजून संपलं नाही काय?
अंगणात पोचले तर पंचफुलाबाई
चुलीपुरती पऱ्हाटी मोडत होत्या, गुडघ्यावर.
म्हटलं, आज चुलीचं वजन घ्यायला आले.
क्षणभर बघत राहिल्या.
मग दिवसभराच्या काड्या दोरीनं बांधून
स्वतःच काट्याला अडकवल्या.
"पावसाळ्यात जास्ती लागते. थेही लिही."

काटा चार आणि पाचच्या मध्ये
हेलकावे खात होता.
तक्त्यात त्याच्यासाठी ओळ नव्हती.
तो थांबेपर्यंत
आम्ही दोघी वाकून बघत राहिलो.