कळ

बोरा बाजाराच्या मागच्या गल्लीत, पोटमाळ्यावर
आमचा कात्रण विभाग.
एक पंखा, खळीची बाटली, दोन कात्र्या
आणि केणीमास्तर, जे म्हणायचे:
बातमी नुसती वाचू नका, सामंतबाई, वाचली की संपली.
तिला विचारा, कुठल्या हाकेला ओ देशील?
ती हाक पाकिटावर लिहा. लाल शाईने. एकच.

मी लिहीत गेले.
पाणीकपात. गिरणी, टाळेबंदी. कोळीवाडा, हद्द.
उंदीर (पालिका). उंदीर (इतर).
एकदा मुलाखत होती एका बाईची,
चाळीस वर्षं छत्र्यांच्या मुठी घासणाऱ्या.
मी ‘छत्री’ लिहिलं,
मास्तरांनी खोडून ‘हात’ केलं,
आणि ते पाकीट पुन्हा कुणालाच सापडलं नाही.
तेवढी एकच चूक मी त्यांची पाहिली.
चूकच म्हणते अजून.

आता निमिष आलाय, स्कॅनर घेऊन.
प्रत्येक कात्रणाला पाच कीवर्ड, मॅडम.
आत जे आहे ते नव्हे,
लोक जे विचारतील ते.
मराठीत काय म्हणायचं याला?
फॉर्मवर ‘बीजशब्द’ छापलंय.
मला बीज दिसेना, मला कळ दिसली:
दाबली की कुलूप उघडते ती,
लावली की भांडण लागतं ती,
आणि दाढेतून कानापर्यंत जाते ती.
आमच्यात तिघींना एक शब्द पुरतो.
निमिषचं यंत्र अडतं, विचारतं, कुठली?

मंगळवारी शेवंता घाग आली.
जिन्याने धाप लागलेली, औषधांच्या पिशवीत
घडी घातलेलं रेशनकार्ड.
भाऊ दारूखान्यात जहाजं तोडायला जायचा.
सत्त्याऐंशी साल, दिवाळीच्या अलीकडे.
पेपरात आलं होतं म्हणे.
वारसाच्या कागदाला पुरावा मागतात.

‘आग’ पाहिली. नव्हता.
‘जहाज’ पाहिलं, ‘भंगार’ पाहिलं, ‘अपघात, गोदी’.
‘कामगार’मध्ये तीन पाकिटं होती, तिन्हींत पुढारी.
दुपार झाली. तिने डबा उघडून
अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.
निमिषने यंत्रात शोधलं: शून्य.
शब्द उलटसुलट करून: शून्य.

चार वाजता सापडला.
‘वाहतूक, खोळंबा’.
रे रोडला दोन तास गाड्या अडकल्या,
सहा बसचे मार्ग बदलले,
कुठल्याशा उद्घाटनाचा नारळ उशिरा फुटला,
टाकीच्या स्फोटात एक मजूर दगावला.
शेवटची ओळ. नाव नाही.
पाकिटावरची लाल शाई माझी.
‘ख’ची शेपटी मी तेव्हा अशीच काढायचे.

झेरॉक्स तिने आधी उलटी धरली.
मी तिचं बोट धरून शेवटच्या ओळीवर नेलं.
ह्यात तो कुठाय?
‘एक’ आहे ना, म्हटलं, तो.

हे चालेल का, ते तिने विचारलं नाही.
मीही विषय काढला नाही.

निमिषने चार रकाने भरले:
रे रोड, दारूखाना, टाकी, १९८७.
पाचव्यासाठी मान वर केली. नाव काय त्यांचं?
जिवबा.
पहिली वेलांटी की दुसरी? मी विचारलं, सवयीने.
लिहायचं मला काय ठाऊक, ती म्हणाली,
मी हाक मारायचे.
कशी?
पंख्याखाली उभी राहून तिने मारून दाखवली,
खिडकीकडे तोंड करून, पूर्ण आवाजात.
गल्लीतला एक हमाल हातगाडी सोडून वर बघू लागला.

निमिषने दोन्ही वेलांट्यांनी टाइप केलं.
पाचाचे सहा झाले, फॉर्म घेईना.
त्याने ‘टाकी’ खोडली.
हमाल अजून वर बघत होता.