कवडीपाटची ओहोटी

सोलापूर रस्ता सोडून डावीकडे वळलं
की आधी वास येतो,
नदी त्याच्यानंतर.
गावाचं नाव कवडी,
आणि समुद्र एक अख्खा घाट उतरून पलीकडे.

रविवार, पावणेसात.
आम्ही अकरा जण, दुर्बिणी दोन,
पुढे अनसूया तांडेल,
हर्णे सोडून हडपसरला आलेल्या,
मुलाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.
टोपी मात्र तिकडचीच,
कड मिठानं पांढरी पडलेली.

"आज अष्टमी," त्या सुरुवातीलाच म्हणाल्या,
"भांग आहे. फार आत जाता येणार नाही."
मग स्वतःशीच हसल्या.
इथे कुठली अष्टमी.
खडकवासल्यातून सोडलं की भरती,
बंद केलं की ओहोटी,
आणि ते ठरवणारा चंद्र
सिंचन भवनात फायलींमागे बसतो.

पंचवीस वर्षं त्यांनी माणसं खडकांवर नेली.
पाय कुठे ठेवायचा, आधी ते.
मग कालवं, निवट्या, दगडाखालची कुर्ली,
मग मान वर, सुरूच्या शेंड्यावर काकणाचं घरटं,
आणि नशिबात असलं तर लांबवर गादा,
पाण्याला टाके घालत गेलेला.
इथेही त्या तसंच नेतात.
"दगड उलटला तर परत तसाच ठेवा.
कुणाचं तरी छप्पर असतं ते."
आम्ही उलटला.
खाली शाम्पूची एक रिकामी पुडी.
त्यांनी दगड परत तसाच ठेवला.

हळदीकुंकू बदकं चार.
चक्रवाक दोन, आपापसात काहीतरी कुरकुरत.
बंधाऱ्यावर नदीसुरय, चोच खाली, नजर खाली.
आणि शेकाटे,
लाल काटक्यांवर उभे, इतके
की मोजणाऱ्यानं दोनदा चुकून वही मिटली.
"काय सुंदर!" कुणीतरी म्हणालं.
"सुंदरच," बाई म्हणाल्या,
"पण हे वाढले की समजावं, पाणी बिघडलंय."

मी मागे होतो.
सोमवार ते शुक्रवार मी याच नदीच्या बाटल्या उघडतो,
प्रयोगशाळा, खोली क्रमांक चार,
आणि बाई एका वाक्यात जे बोलल्या
ते तीन दशांशांपर्यंत लिहितो.
सही करतो. फाइल वर जाते.
वर म्हणजे कुठे, ते चक्रवाकांना ठाऊक,
ते तरी हिमालय ओलांडतात.

बंधाऱ्याखाली फेस होता.
कमरेइतका, शुभ्र, श्वास घेतल्यासारखा हलणारा.
मांजरीचा तन्वेश, वय सात,
आईचा हात सोडून म्हणाला,
"समुद्र असाच असतो?"

कुणी हसलं नाही.
ज्या बाईला काळोखात नुसत्या आवाजावरून
लाट फुटली की परतली ते कळायचं,
ती फेसाकडे पाहत राहिली.
"नाही रे," म्हणाली.
"पण हे काय आहे, ते मला नाही सांगता येणार.
कुणाला येतं?"

माझा हात वर गेला, शाळेतल्यासारखा.
"साबण," मी म्हणालो. "आपल्याच घरचा.
भांड्यांचा, कपड्यांचा.
आज सकाळचा माझाही असेल."
पहिल्यांदाच दशांशांशिवाय.

तेवढ्यात एक कुरव आला.
तपकिरी डोक्याचा म्हणतात, पण थंडीत डोकं पांढरं,
कानामागे शाईचा डाग.
फेसावर घिरटी घेतली,
उतरायला पाय खाली सोडले,
आणि काय वाटलं कोण जाणे,
पाय परत पोटाशी घेऊन
उजनीच्या दिशेनं निघून गेला.
बाईंचा हात टोपीच्या कडेशी गेला.
"आमच्याकडला," इतकंच म्हणाल्या.

परतताना चहाच्या टपरीवर वही फिरली.
पक्षी, संख्या, वेळ,
आणि शेवटी एक रकाना: इतर.
बाईंनी पेन माझ्यापुढे केलं.
"तुमचं ते साबणाचं लिहा.
खाली नाव घाला,
सही नको."