या ठिकाणी

टेम्पोत तीन पाट्या होत्या, गोणपाटात बांधलेल्या.
पहिली लागली पाण्याच्या टाक्यापाशी,
रबाळ्यामागच्या चढावर.
दुसरी वीरगळापाशी.
खालच्या पाड्यातल्या बाया त्याला खोकलाई म्हणतात,
पोरांना खोकला झाला की गूळ ठेवतात.
पाटीवर खोकला नाही, गूळ नाही,
पाटीवर ‘अंदाजे बारावे शतक’.
‘अंदाजे’ मीच कापला, निळ्या चमकत्या कागदातून.
टिंब दोनदा निसटून चपलेला चिकटलं.

तिसरीचा मजकूर साहेबांनी दिला तसा:

या ठिकाणी कावळटोक चौकीचा बुरूज होता.
खाडीतल्या गलबतांवर येथून नजर ठेवली जाई.
दगड काढू नयेत. नावे कोरू नयेत.

मोबाईलवरची बाई वाट सांगत होती,
दोनशे मीटर सरळ, शंभर मीटर सरळ,
आणि करवंदीच्या जाळीपुढे
डोंगर संपला.
सुरीनं कापलेल्या फणसासारखा, आतला पिवळा दिसत.
खाली खाणीचं हिरवं तळं, काठावर एक म्हैस, एक बगळा.
बाई म्हणाली, अजून वीस पावलं सरळ.

हसुराम नावाचा म्हातारा तिथं राखणीला होता.
खाण बंद होऊन वर्षं झाली,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलंही असेल.
मी विचारलं, बुरूज कुठाय?
त्यानं बोट केलं ते हवेत,
घारी फिरतात तिथं.
“तिकरं व्हता. मीच बार भरलेला.
लय निबर. दोन पहारी मोरल्या.
फुटला तवा चुन्यातशी मुंग्या निंगाल्या,
येवऱ्या मुंग्या... गूळ घातला असंल जुन्या मान्सांनी.”

मग? दगड कुठं गेला?
कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा
त्यानं हात फिरवला शहरावरून.
पूल. फलाट. सेक्टर सगळे.
“तू ऱ्हातंस कनचे गावान?”
कोपरखैरणे, म्हटलं. चौथा मजला.
“मंग तुजे बी पायाखाली हाय थोरासा.”
अकरा वर्षांचे हप्ते राहिलेत माझे.
त्यात बुरुजाचे किती, हे बँकेलाही सांगता यायचं नाही.

साहेबांना फोन लावला.
म्हणाले, जवळपास कुठंही ठोक,
फोटो पाठव, नाहीतर बिल अडकेल.

खिशात कातरणं होती.
ब्लेडनं एक अर्धा त कापला
आणि ‘या’च्या आधी चिकटवला.
त्या ठिकाणी.
जरा चौकटीबाहेर गेला,
पण उन्हात एकसारखा चमकला.
बाण मात्र सरळच राहिला, दरीकडे.

खड्डा हसुरामनंच घेतला.
म्हटलं, काका, राहू दे, मशीन आहे.
त्यानं मशीनकडे पाहिलं नाही.
पहार धरली, पाय रोवले,
दर ठोक्याला मनगट किंचित फिरवून.
कातळात गोल, सरळ, दीड हात.
आत फुंकर मारली, डोळे मिटून.
खांब उभा केला, सिमेंट ओतलं,
त्यानं बोटांनी हलकेच दाबत नेलं,
झोपलेल्या पोराचं पांघरूण खोचावं तसं.

आणि उठला.
न बोलता भरभर मागे गेला, चाळीस-एक पावलं,
मोठ्या धोंड्याआड बसला,
दोन्ही कानांवर हात ठेवले
आणि खाली सगळ्या शहराला ऐकू जाईल असा
ओरडला,
“बाजूला व्हाऽऽऽ!”

मी पाटीपाशी, हातात थापी.
तळ्याकाठचा बगळा तेवढा
उडून गेला.